छोट्या नावेत बर्फाची पेटी बसवायला घरच्या घरी रॅक कसा करावा?

मासोळी_मानेवाडा :

नमस्कार मंडळी. माझे बाबा आणि धाकटा भाऊ रामटेकच्या पुढे, देवलापारकडच्या एका जलाशयावर मासेमारी करतात. मच्छीमार संस्थेकडे ठेका आहे, दोघेही सभासद आहेत. मी लग्नानंतर नागपुरात मानेवाड्याला असते. त्यांच्याकडून आलेला कतला, रोहू, कधी झिंगे मी इथल्या ओळखीच्या घरांमध्ये पोचवते. बाकीचा माल व्यापारी काठावरूनच उचलतो.

अडचण उन्हाळ्यात होते. पाणी आटून मधल्या खोल भागात गेलेलं असतं, म्हणून जाळी तिथेच लावावी लागतात. पहाटे चारला निघालेली नाव काठाला लागेपर्यंत दहा-साडेदहा होतात. तोवर मासा नावेच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात पडून असतो. वरून एक पोतं टाकलेलं, बस. मे महिन्यात आपल्याकडे दहा वाजता काय ऊन असतं ते इथे कुणाला सांगायला नको. व्यापारी माशाच्या पोटाला अंगठ्यानं दाबून पाहतो, खड्डा लगेच भरून आला नाही की भाव पाडतो. बाबा काही बोलत नाहीत. जाळ्यातून काढला तेव्हा तो मासा फडफडत होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि तरी शिळ्या मालाच्या भावात द्यावा लागतो. मला हे थांबवायचं आहे.

म्हणून यंदा मी त्यांना बर्फाची पेटी घेऊन दिली. जाड भिंतींची प्लास्टिकची पेटी आहे, भिंतीत फोम भरलेला, दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या, खाली पाणी सोडायला बूच. बाहेरून २४ × १६ × १६ इंच, आत साधारण ५५ लिटर मावतं. नाव फायबरची आहे, १२ फूट लांब, मधोमध ४ फूट रुंद. इंजिन नाही, चप्पूवर चालते. बसायला दोन आडव्या फळ्या आहेत, एक मध्ये आणि एक मागे. बाबा मधल्या फळीवर बसून चप्पू मारतात, भाऊ पुढे उभा राहून जाळं ओढतो.

सध्या भावानं ती पेटी मागच्या फळीवर दोरीनं बांधली आहे. भरलेली असली की नाव डुलते आणि भाऊ एका बाजूला वाकला की बाबांच्या पोटात गोळा येतो. तळात ठेवली तर खालचं घाण पाणी पेटीला लागतं, ती सरकते, आणि बूच उघडायला जागा राहत नाही. तेव्हा तिच्यासाठी पक्का रॅक हवा असं ठरलं.

आमच्या गल्लीत एक वेल्डर आहेत, कूलरचे स्टँड छान बनवतात. त्यांनी सुचवलं की लोखंडी अँगलचं दोन फूट उंच स्टँड करू, चार पाय नावेच्या तळाला नटबोल्टनं पक्के करू, म्हणजे खालची जागा जाळी ठेवायला मोकळी राहील. माणूस भला आहे, पण तळाला भोकं पाडायची म्हटल्यावर मला धसकाच बसला. म्हणून इथे विचारते. रॅक कुठे बसवावा? लोखंड की अॅल्युमिनियम? भोकं न पाडता तो तळाशी पक्का कसा राहील? आणि बर्फ किती लागेल, तो टिकेल कसा? खर्च ३००० रुपयांच्या आत बसावा. भावाला हातकाम जमतं, ड्रिल मशीन आणि हॅक्सॉ घरात आहे.


लोखंडकाम_हिंगणा :

ताई, बरं झालं काम सुरू करायच्या आधी विचारलं. मी हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम केलेला माणूस आहे, आता निवृत्त आहे. तळ्यांवरच्या लहान नावांची बरीच कामं हातून गेली आहेत. पहिले एकच गोष्ट मनात पक्की करा. नावेतल्या रॅकचं काम वस्तू उचलून धरायचं नाही, खाली दाबून धरायचं आहे. घरातल्या कूलरला उंची पाहिजे, कारण हवा खिडकीतून आत यायची असते. नावेत उंची म्हणजे धोका. तुमच्या वेल्डरचं काम चांगलंच असेल, पण त्याच्या हाताला सवय जमिनीवरच्या स्टँडची आहे.

पेटी, बर्फ आणि मासा मिळून ३५ किलोच्या घरात जाईल. हे वजन दोन फूट वर नेऊन ठेवलं की नाव एका बाजूला झुकल्यावर ते तिला परत सरळ होऊ देत नाही, अजून त्याच बाजूला ओढते. त्यात तुमचा भाऊ पुढे उभा राहून ओलं जाळं ओढतो, म्हणजे वरचं वजन आधीच आहे. जुलै २०१७ मध्ये अमरावती रोडवरच्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि तरुण पोरं गेली, ते आपण नागपूरकर विसरलो नाही. शांत दिसणाऱ्या पाण्यात लहान नाव किती पटकन उलटते ते तेव्हा सगळ्यांना कळलं. त्यामुळे दोन फुटी स्टँडचा विषय इथेच बंद करा. मागच्या फळीवरची पेटीसुद्धा आजच खाली घ्यायला सांगा. रॅक होईल तेव्हा होईल.

जागा सांगतो. मधली फळी आणि मागची फळी यांच्या मध्ये, मधल्या फळीला अगदी खेटून, नावेच्या बरोबर मध्यरेषेवर. पुढे भाऊ, मध्ये बाबा, म्हणून तुमच्या नावेचं पुढचं टोक दबलेलं असेल आणि मागचं वर असेल. पेटी मधल्या फळीच्या मागे आली की ते बरोबर होते. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासून पाहा. पाण्याच्या कॅनमध्ये ३५ लिटर पाणी भरा, म्हणजे ३५ किलो झाले. दोघांना आपापल्या जागी बसवून कंबरभर पाण्यात ते कॅन थोडे पुढेमागे सरकवून पाहा. नाव ज्या जागी सपाट बसेल तिथे खडूनं खूण करा आणि मगच माप घ्या.

आता रॅक. तुम्हाला लागते ती एक उथळ चौकट, पेटीचा खालचा सहा इंचाचा भाग मावेल एवढी. २५ × २५ × ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम अँगल घ्या. खाली एक आयत, वर एक आयत, चार कोपऱ्यांत सहा-सहा इंचांचे उभे तुकडे, आणि तळाला पेटी टेकायला तीन आडव्या पट्ट्या. आतलं माप साडेचोवीस बाय साडेसोळा इंच ठेवा. पेटीभोवती पाव-पाव इंच मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर उन्हात प्लास्टिक फुगलं की पेटी अडकून बसते. सगळा मिळून साडेसहा मीटर अँगल लागतो. अॅल्युमिनियममध्ये हे अडीच किलोच्या आसपास बसते, तेच लोखंडात सात किलोच्या वर जाते. लोखंडाला वर्षाला रंग लागेल तो वेगळा. आपलं पाणी गोडं आहे, समुद्राचं नाही, त्यामुळे अॅल्युमिनियम इथे वर्षानुवर्षं टिकते.

इतवारीत लोहा ओळीकडे चक्कर मारा. नाहीतर स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मिळतात, फक्त खिडकीचं पातळ सेक्शन घेऊ नका, ३ मिलिमीटर जाडीच पाहिजे. अॅल्युमिनियमचं वेल्डिंग साध्या वेल्डरकडे होत नाही आणि ते करायची गरजही नाही. एम-६ चे स्टेनलेस बोल्ट आणि आत नायलॉनचं कडं असलेले नट लावा, ते हेलकाव्यानं सैल होत नाहीत. प्रत्येक कोपऱ्यात दोन बोल्ट. एकाच बोल्टवर कोपरा फिरतो आणि चौकट तिरपी होते. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम यांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर टाका. दोन वेगळे धातू ओले राहून एकमेकांना चिकटले की अॅल्युमिनियम खाल्लं जाते. गोड्या पाण्यात हे सावकाश होते, पण होते.

एक गोष्ट कारागीर नेहमी विसरतात, कारण ते मासे धरत नाहीत. जाळं! नायलॉनचं बारीक जाळं बोल्टच्या टोकाला, कापलेल्या कोपऱ्याला, जिथे मिळेल तिथे अडकते. अडकलेलं जाळं सोडवायला माणूस वाकतो आणि तिथेच तोल जातो. म्हणून सगळे नट आतल्या बाजूला घ्या, बाहेर फक्त बोल्टचं गोल डोकं दिसलं पाहिजे. प्रत्येक कोपरा कानशीनं गोल करा. वरच्या आयताच्या कडेवर बागेतल्या पाइपचा तुकडा मधोमध चिरून चढवा. बोट फिरवून पाहा, कुठेच खरचटलं नाही पाहिजे. या कामाला एक अख्खी दुपार द्या, बाकी सगळ्या चौकटीला दिली तेवढीच.

चौकट नावेच्या तळापासून दीड-दोन इंच वर राहिली पाहिजे, म्हणजे खालचं पाणी पेटीला लागणार नाही आणि उपसताही येईल. बुचाकडची बाजू अर्धा इंच खाली ठेवा, वितळलेलं पाणी आपोआप तिकडे येते. आणि भोकं पाडायची तर मधल्या फळीत पाडा. ती पाण्याच्या वर आहे, तिथे दोन बोल्ट घेऊन सिलिकॉन भरलं तर काही बिघडत नाही. चौकटीची पुढची बाजू तिथे दोन पट्ट्यांनी बांधली गेली की ती पुढेमागे हलणार नाही. मागची बाजू तळाला कशी धरायची ते फायबरवाल्यांपैकी कोणी सांगेल. तळाला मात्र ड्रिल लावू नका.


फायबर_कामठीरोड :

तळाचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

१२ मिलिमीटर मरीन प्लायचे चार गुटके घ्या, चार बाय तीन इंचांचे. लकडगंजात मागताना आयएस ७१० छाप पाहून घ्या. साध्या प्लायला पाणी लागलं की ती पापुद्र्यापापुद्र्यानं सुटते. गुटक्यात आधीच बोल्ट बसवून घ्यायचा, डोकं खाली आणि आटा वर. डोक्यासाठी प्लायच्या खालच्या बाजूला खड्डा करायचा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. मग तो गुटका तळाला फायबरनं चिकटवायचा. भोक एकही पडत नाही आणि चौकट वरून नटानं कसता येते. पुढेमागे रॅक काढून नाव धुवायची असली तरी चार नट काढले की झालं. चौकट दीड-दोन इंच वर राहावी म्हणून बोल्ट लांब घ्या आणि प्रत्येकावर जाड रबराच्या चकत्या चढवा. तळ गोलसर असतो, त्यामुळे चकत्या कमीजास्त करूनच चौकट सपाट बसेल.

चिकटवण्याआधी तळाचा चकचकीत थर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासा आणि अॅसिटोननं पुसा. चकचकीत भागावर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचं घट्ट होणारं द्रव, धरत नाही, महिनाभरात गुटका हातात येईल. नाव निदान दोन दिवस उन्हात पूर्ण कोरडी झालेली हवी. काचतंतूंची ४५० ग्रॅमची मॅट तीन थरांत, पहिला थर गुटक्यापेक्षा दोन इंच बाहेर जाईल असा, पुढचे थोडे लहान. ब्रशनं टोचून टोचून हवेचे बुडबुडे काढा. प्लायच्या कापलेल्या कडा आधी रेझिननं भिजवून घ्या, पाणी तिथूनच आत शिरतं.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर नेहमी रेझिनच्या एक ते दोन टक्के टाकतात. आपल्या उन्हाळ्यात एक टक्काच पुरे. दुपारी काम काढलं तर डबा हातातच गरम होऊन घट्ट होतो. सकाळी सहाला सावलीत बसा आणि एका वेळी अर्धा किलोच्या वर रेझिन कालवू नका.

आता जे सांगतो ते भावाला दोनदा वाचून दाखवा. रेझिनसोबत कधी कधी दोन बाटल्या मिळतात, एक हार्डनरची आणि एक जांभळट कोबाल्टची, रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायची. या दोन बाटल्या एकमेकांत थेट कधीही ओतायच्या नाहीत, थेंबभरसुद्धा नाही. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मग हार्डनर. शक्यतो दुकानातूनच कोबाल्ट मिसळलेलं रेझिन मागा, म्हणजे प्रश्नच मिटला. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. उघड्या अंगणात करा, खोलीत नको.


शिकवणी_धंतोली :

मी भौतिकशास्त्र शिकवतो. नाव चालवलेली नाही, पण बर्फाचं आणि तोलाचं गणित मांडून देतो, ताईंना खरेदीला उपयोगी पडेल.

आधी तोल. नाव, दोन माणसं आणि पेटी मिळून वजन २३५ किलो धरू. ३५ किलोची पेटी तळाजवळून ५५ सेंटिमीटर वर नेली तर सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटर वर सरकतो. चार फूट रुंदीच्या नावेला हा फरक भारी आहे. हिंगण्याच्या काकांनी अनुभवानं जे सांगितलं, तेच आकड्यांतही निघतं.

आता बर्फ. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. तुमच्या पेटीची भिंत ४ सेंटिमीटर जाड आणि थर्माकोलच्या गुणाची धरली, बाहेर ४० अंश आणि आत शून्य, तर भिंतींतून दर तासाला १४० किलोजूल आत येतात. म्हणजे तासाला ४०० ग्रॅम बर्फ नुसता पेटी थंड ठेवण्यात जातो. झाकणावर थेट ऊन पडून बाहेरचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापला तर हेच ६०० ग्रॅमवर जातं. म्हणून सावली फार महत्त्वाची.

मासा थंड करायला लागणारा बर्फ वेगळा. ३० अंशांच्या पाण्यातून काढलेला १५ किलो मासा शून्यावर आणायला १६०० किलोजूलच्या थोडं वर, म्हणजे जवळजवळ ५ किलो बर्फ लागतो. पहाटे चारपासून दुपारी बारापर्यंत आठ तास धरले तर भिंतींचे ३ किलो. झाकण उघडताना जाणारा बर्फ, पेटी स्वतः थंड व्हायला लागणारा बर्फ, आणि घरून निघेपर्यंत वितळलेला. सगळं धरून १२ ते १५ किलो न्या. १५ किलो बर्फ फोडून आणि १५ किलो मासा, एवढं ५५ लिटरमध्ये मावतं.


पवनी_वैनगंगा :

जय भीम ताई. आम्ही गोसेखुर्दच्या पाण्यावरचे. सरांनी सांगितलं ते बरोबर आहे, आमचाही हिशोब जेवढा मासा तेवढा बर्फ असाच असतो. थोडं हातचं सांगतो.

लादी तशीच टाकू नका, मुगरीनं बारीक फोडा. मोठा खडा माशाच्या अंगाला एकाच ठिकाणी लागतो, बारीक बर्फ सगळीकडून धरतो. खाली बर्फाचा थर, मग मासा, परत बर्फ, वर शेवटी बर्फच. मासा जाळ्यातून निघाला की स्वच्छ पाण्यात एकदा हलवून लगेच पेटीत. तळात टाकून, नंतर सगळे एकदम भरू असं करू नका. पहिला अर्धा तासच मासा खराब करतो. बूच उघडं ठेवून वितळलेलं पाणी नळीनं बाहेर काढत राहा, रक्ताच्या पाण्यात मासा भिजत ठेवला की वास धरतो. झिंगे वेगळे ठेवा, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून बर्फाच्या मध्ये. झिंग्याचं डोकं सगळ्यात आधी काळं पडते आणि मग शहरातलं गिऱ्हाईक हात लावत नाही.

रात्रीच थोडा बर्फ पेटीत टाकून झाकण लावून ठेवा. गरम पेटीत पहाटे बर्फ भरला तर पहिला बर्फ पेटीच खाऊन टाकते. बाकीची लादी भुशात पुरून वर तरट.

आणि तरटाचंच मुख्य सांगायचं आहे. पेटीवर झाकणासकट चारी बाजूंनी तरट टाका आणि ते सतत ओलं ठेवा. पाणी तर हातभर अंतरावर आहे, बाबांनी चप्पू मारता मारता अधूनमधून एक मग ओतला तरी पुरते. आपल्या इकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ओलं तरट असं गार पडते की खालची पेटी तापतच नाही. कूलरच्या ताट्या ज्या कारणानं गार हवा देतात तेच हे. पण मृगाचा पाऊस पडला की हवा ओली होते, मग तरट ओलं करून फायदा नाही, तेव्हा नुसती सावली करा आणि बर्फ वाढवा.

बर्फ घेताना रंग पाहा. २०१८ पासून आपल्या राज्यात न खाण्याचा बर्फ निळसर करून विकायचा नियम आहे. तो लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्यात किंवा पन्ह्यात कोणी टाकू नये, घरात लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा. माशाला लावायचा बर्फही चांगल्या पाण्याचाच घ्या, मासा शेवटी पोटातच जाणार आहे.


शिकवणी_धंतोली :

पवनीच्या दादांच्या तरटाला आकडा जोडतो. हवा ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओलं कापड वाऱ्यावर २५ अंशांच्या जवळ येऊ शकतं. पेटीचा बाहेरचा भाग २८ अंशांवर राहिला तरी तासाला ४०० ग्रॅमऐवजी ३०० ग्रॅमच्या आतच बर्फ जाईल, आणि उन्हात तापलेल्या झाकणाशी तुलना केली तर निम्मा. एका तरटाच्या तुकड्यात एवढा फायदा दुसरं काही देणार नाही.


मासोळी_मानेवाडा :

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. पेटी त्यानं कालच मागच्या फळीवरून खाली घेतली, सध्या मधल्या फळीला बांधून तळात ठेवली आहे, खाली दोन विटा. बाबांनी एकच विचारलं, जाळं अडकणार नाही ना. काका, तुम्ही ते न विचारता सांगितलंत.

अॅल्युमिनियमच घेतो. गुटके फायबरनं बसवायचे, कोबाल्ट मिसळलेलं रेझिन आणायचं, पहाटे काम करायचं, हे पक्कं. तरट घरातच आहे. गल्लीतल्या वेल्डर दादांनाही दाखवलं. ते म्हणाले कापून आणि भोकं पाडून मी देतो, मजुरी नको. त्यामुळे खर्च बजेटमध्ये बसेल असं वाटतं.

दोन गोष्टी अडल्या आहेत. पेटी चौकटीत बसली तरी वरून पट्टा लागेलच ना? पण पट्टा झाकणावरून घेतला तर प्रत्येक वेळी मासा टाकताना तो सोडावा लागेल, आणि पवनीचे दादा म्हणतात मासा लगेच पेटीत गेला पाहिजे. दुसरं, बाबांना काळजी आहे की नाव कधी भरली किंवा कलंडली तर बांधलेली पेटी तिला खाली ओढेल का?


लोखंडकाम_हिंगणा :

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत.

पट्टा झाकणावरून घेऊच नका. पेटीला दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या आहेत ना, त्या कड्यांतून पट्टा घालून खाली चौकटीच्या वरच्या आयताला बांधा, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. म्हणजे पेटीचं धड चौकटीला बांधलेलं आणि झाकण मोकळं. झाकणासाठी रबराचा एक हूक पुरतो, एका हातानं निघतो. पट्टा पॉलिस्टरचा घ्या, २५ मिलिमीटर रुंद, खटक्याच्या बकलाचा. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणला जातो आणि पेटी सैल होते. उन्हानं पट्टा कुजतो, दरवर्षी पाऊस संपला की नवीन घ्या, महाग नाही. दोन्ही बकलं बाबांच्या बाजूला ठेवा, बसल्या जागेवरून मागे हात गेला की सापडली पाहिजेत.

पेटी नावेला खाली ओढणार नाही. तिच्या भिंतीत फोम आहे, आतला बर्फ पाण्यापेक्षा हलका आहे आणि मासा जवळपास पाण्याएवढाच. पाण्यात गेली तर ती तरंगायलाच पाहते. खरा धोका सुटी पेटी सरकण्याचा आहे. ३५ किलो अर्धा मीटर एका बाजूला सरकले की ७० किलोचा माणूस पाव मीटर त्या बाजूला सरकल्यासारखं होते, तेही नाव आधीच तिकडे झुकलेली असताना. म्हणून बांधलेलीच बरी. तरी खात्री करायची असेल तर पेटी भरलेली असतानाच झाकण लावा आणि काठाजवळ पाण्यात सोडून बाबांना दाखवा.

आणि ताई, तुमच्या ३००० मधून काही उरले तर त्यात भर घालून दोघांना लाइफ जॅकेट घ्या, घालून चप्पू मारता येईल असं, बाहीचा भाग मोकळा असलेलं. घेतलेलं असेल तर ते अंगात असू द्या, फळीखाली नको. चौकट बसली की नटांवरून पहिल्या आठवड्यात एकदा पाना फिरवा, रबराच्या चकत्या दबून नट थोडे ढिले होतात. त्यानंतर महिन्यातून एकदा पाहिलं तरी चालते.


मासोळी_मानेवाडा :

कळलं काका. जॅकेट एकच आहे आणि तेही जुनं, दोन नवीन घेते. शनिवारी इतवारीत जाऊन अँगल आणते. चौकटीची मापं कागदावर काढली की इथे टाकेन, कापायच्या आधी एकदा नजर टाका.